बी४५० मदरबोर्ड ठेवून जुना पीसी अपग्रेड करू की सगळंच नवीन घेऊ? बजेट ४५ हजार

वऱ्हाडी_रायडर (अकोला)
मंडळी नमस्कार, २०१९ मधे पहिल्या पगारातून पीसी बनवला होता, रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम स्टिक (३००० वाल्या), जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय. मॉनिटर १०८० पी १४४ हर्ट्झ. आता व्हॅलोरंटमधे ऐन फाइटमधे गेम अडकतो, सायबरपंक मीडियमवर ४० फ्रेमच्या आसपास, आणि डूम द डार्क एजेस तर सुरूच होत नाही.

इथल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे एएम४ (माझ्या बोर्डाचं प्रोसेसर सॉकेट) संपलं, बोर्ड प्रोसेसर रॅम सगळं नवीन घ्या, कार्ड धरून हिशोब लाखाच्या जवळ चाललाय. माझ्याकडे ४५ आहेत, तेही दोन हप्त्यात, ३५ आत्ता आणि १० दोन-तीन महिन्यांनी. आधी काय घेऊ काही समजून नाही राह्यलं. भाऊ पुण्यात असतो, तो तिकडून पार्ट आणून देऊ शकतो.

दोन_फॅन
भावा थांब, पैसे काढायच्या आधी एक संध्याकाळ दे. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचं काम दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक, स्क्रीनवर जीपीयूचा म्हणजे कार्डाच्या चिपचा वापर टक्क्यात, फ्रेम रेट आणि रॅम दिसू दे, मग तुझे दोन्ही गेम अर्धा अर्धा तास खेळ. जीपीयू ९७-९९ वर चिकटून राहिला तर कार्ड कमी पडतंय, आणि जीपीयू ५०-६० वर लोळतोय तरी गेम अडकतोय तर दोष प्रोसेसर किंवा रॅमकडे. आकडा कळत नसेल तर रिझोल्यूशन ७२० पी करून बघ, फ्रेम वाढले नाहीत तर नवीन कार्डानेही वाढणार नाहीत, इतकं सोपं आहे.

डूमचं मात्र तपासायची गरज नाही. त्या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या मोजायची कार्डातली सोय) लागतंच आणि १०६० मधे ते नाहीच, सेटिंग किती खाली आणलं तरी चालणार नाही. शिवाय १०६० ज्यातलं आहे त्या १०-सिरीजला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत, फक्त सिक्युरिटी अपडेट येतात. म्हणजे कार्ड कधीतरी बदलावं लागणारच, प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

आणि हो, सीपीयू-झेड (पार्टची माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर) उघडून मेमरीच्या टॅबचा फोटो टाक.

वऱ्हाडी_रायडर
केलं. सायबरपंकमधे जीपीयू ९८-९९. व्हॅलोरंटमधे जीपीयू ४५ च्या वर जात नाही, फ्रेम १६० वरून एकदम ७० वर येतात. सीपीयू-झेडमधे चॅनल सिंगल आणि फ्रिक्वेन्सी १०६६ दाखवतंय. स्टिक तर दोन आहेत, मग सिंगल कसं काय?

तपकीर_गल्ली
हे बघ इथेच सापडलं. दोन्ही स्टिक शेजारी शेजारी बसवल्यात ना? चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, शेजारी बसवल्या की दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि निम्मी बँडविड्थ (डेटा वाहायची क्षमता) वाया जाते. १०६६ म्हणजे दुप्पट करून २१३३, तुझी रॅम ३००० ची आहे पण बायोसमधे (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालूच केलं नाहीये, सहा वर्षं ती हळू पळतेय. त्यात रायझनच्या आतले भाग ज्या इन्फिनिटी फॅब्रिकने जोडलेत त्याचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो, म्हणून हळू रॅमचा फटका २६०० सारख्या जुन्या रायझनला जरा जास्तच बसतो. स्टिक हलव, एक्सएमपी लाव, ३००० ला पीसी चालू नाही झाला तर २९३३ ठेव. खर्च शून्य.

दुकानदाराचं ऐकू नकोस हे मी मनापासून सांगतोय. नवीन एएम५ बोर्डाला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून कसे भडकलेत ते बघतोयस ना, एआयच्या डेटा सेंटरांकडे सगळा माल जातोय. तुझ्या हातात १६ जीबी चांगली रॅम आहे, ती फेकायला लावणारा सल्ला आज चुकीचा आहे. त्याच बोर्डात रायझन ५ ५६०० बसतो, बायोस अपडेट केला की झालं.

कार्डाबद्दल. तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) आहे आणि ५६०० टाकलास तरी ३.० च राहणार. आरटीएक्स ५०६० आठच लेन (डेटा जायचे रस्ते) वापरतं आणि त्यावर मेमरी ८ जीबी. ८ भरली की उरलेला माल सिस्टिमच्या रॅममधून त्याच अरुंद रस्त्याने ये-जा करतो आणि गेम अडकायला लागतो, म्हणजे आत्ताचंच दुखणं परत. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं आणि १६ जीबीमधे मिळतं. त्याची ८ जीबीवाली आवृत्तीपण आहे, नाव तेच, भावाला बॉक्सवरचा आकडा वाचून घ्यायला सांग. १६ वालं तुझ्या ३५ मधे बसेलच असं नाही, चार-पाच हजार कमी पडले तर महिनाभर थांब पण ८ जीबी घेऊ नकोस.

साताऱ्याची_बिल्डर
वरच्या दोघांशी सहमत, मी फक्त हाताने करायच्या कामाचं लिहिते कारण नुकसान तिथेच होतं.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर असतानाच करायचा, फॅट३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह, बोर्डाचं मॉडेल अक्षर न् अक्षर जुळवून फाइल घ्यायची, आणि यूपीएसशिवाय हात लावायचा नाही. मधेच लाइट गेली की बोर्ड मेला. माझा एक बोर्ड असा गेलाय, म्हणून कळकळीने सांगतेय.

कूलर काढायच्या आधी पंधरा मिनिटं गेम खेळ म्हणजे पेस्ट गरम होऊन मऊ पडते, मग पीसी बंद करून, वायर काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. सरळ वर ओढलास तर एएम४ मधे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि पिना प्रोसेसरलाच असतात, वाकल्या की ब्लेडने एकेक सरळ करत बसावं लागतं.

नवीन प्रोसेसर लावल्यावर पहिल्यांदा काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करू का असं विचारेल, वाय की एन. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप) चालू असेल तर वाय दाबायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवलेली हवी, नाहीतर फाइल्स अडकल्या. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम (तेच एफटीपीएम) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही चालू लागतं, बायोस अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळावर जातात, एक्सएमपीसुद्धा, तेव्हा परत बघ. तू अजून विंडोज १० वर असशील तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, २६०० वर ११ अधिकृतपणे चालतं, आत्ताच जा.

पॉवर सप्लायला ६+२ पिनवाली वायर आहे का बघ, १०६० ला सहाच पिना लागायच्या, नवीन कार्डाला आठ. कार्ड १६० वॉटचं आणि ५६०० ६५ वॉटचा, त्यामुळे ४५० वॉट पुरतील, पण घरातला ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो, त्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर सगळं लादू नकोस. अकोल्याचा मे महिना आहे, ४५ डिग्रीत कॅबिनेटला पुढून हवा खेचणारा एक फॅन नसेल तर तो आधी घे.

वऱ्हाडी_रायडर
ताई, दादा, खरंच आभार. रात्री स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला लावल्या, ३००० ला चालू झाला नाही, २९३३ ला झाला. व्हॅलोरंट आता ११०-१२० च्या खाली येत नाही, दोन तास खेळलो, एकदाही अडकला नाही. म्हणजे प्रोसेसरची घाई नाही. वायर ६+२ आहे. भावाला सांगितलं की १६ जीबीचं कार्ड घे, भाव जुळला नाही तर थांबू, आणि नंतरच्या दहा हजारात ५६०० आणि एक फॅन.

तपकीर_गल्ली
बरोबर. भावाला पाठवायच्या आधी कॅबिनेटमधे कार्डाच्या जागेची लांबी टेपने मोज, पुढच्या फॅनपासून मागच्या पट्टीपर्यंत. तीन फॅनवाली कार्डं ३० सेंटीमीटर किंवा त्याहून लांबही असतात, तुझं कॅबिनेट छोटं असेल तर दोन फॅनवालं घ्यायला सांग.