मदत हवी आहे: कर भरणारा माणूस युद्धगुन्ह्यात कायद्याने भागीदार ठरतो का?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत नोकरी करतो. दर जानेवारीत हातात पडणाऱ्या डब्ल्यू-२ फॉर्मच्या दुसऱ्या चौकोनात वर्षभर पगारातून कापलेला केंद्रीय आयकर असतो. २०१६च्या करारानुसार अमेरिका इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते आहे. गाझातले फोटो पाहिले की तो चौकोन डोळ्यांसमोरून हलत नाही.

जमेल तेवढं वाचलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभं आहे त्या रोम कराराच्या कलम २५ प्रमाणे गुन्ह्याला साहाय्य करणारा दोषी ठरतो, पण ते साहाय्य गुन्हा सुकर व्हावा याच हेतूने केलेलं असावं लागतं. माझा तसा हेतू नाही, कर तर परस्परच कापला जातो. मग सुटलो म्हणायचं का? न्यूरेंबर्गला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात १९४७ साली जर्मन उद्योगपती फ्लिक याला एसएसला (नाझींच्या निमलष्करी संघटनेला) पैसे पुरवल्याबद्दलही दोषी धरलं होतं. ती देणगी होती, कर नव्हे. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. पण त्याच कलमात गटाचा गुन्हेगारी इरादा ठाऊक असताना हातभार लावणं, असंही एक पोटकलम आहे. तिथे मी अडलोय.

कुणी आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेलं असेल तर कृपया सांगा: सक्तीने घेतलेला कर हा ‘हातभार’ धरला जातो का? आणि विवेकाचं कारण देऊन कर नाकारल्यास ५,००० डॉलर दंड होऊ शकतो, मग ग्रीन कार्डवर असलेल्याने विरोध नोंदवायचा कायदेशीर मार्ग कोणता?