दोन आउट बाकी असताना गेलेली मॅच डोक्यातून जात नाही, तुम्ही लोक काय करता?

फोंडेकार_जेज

नमस्कार मंडळी, इथे बहुतेक सगळे फुटबॉलवाले नाहीतर क्रिकेटवाले आहेत ठाऊक आहे, तरी विचारतो, कारण हे दुखणं सगळ्याच खेळांत असणार. माझा चुलतभाऊ कॅनडात टोरंटोजवळ मिसिसागाला असतो, त्याच्यामुळे मी बेसबॉल बघायला लागलो आणि आता टोरंटो ब्लू जेजचा पक्का माणूस झालोय. जेज शेवटचे चॅम्पियन झाले ते १९९२ आणि १९९३ ला, लागोपाठ दोनदा, त्यानंतर वर्ल्ड सीरिज, म्हणजे सात मॅचची फायनलच नाही, थेट २०२५ ला. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. पाच मॅचनंतर आपण ३-२ ने पुढे. सहावी गेली, मग सातवी आणि शेवटची, तीही टोरंटोतच.

तिकडे शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवार पहाटे साडेपाच. घरात तुळशीच्या लग्नाची गडबड, आई वृंदावन रंगवायला हाक मारतेय, ऊस आणि आवाळे व्हरांड्यात पडलेत, आणि मी लॅपटॉपसमोरून हलत नाही. तिसऱ्या इनिंगला आपल्या बो बिशेटने त्यांच्या ओतानीच्या बॉलवर तीन रनचा होमरन (आपल्या सिक्ससारखा) मारला, ३-०. तिथून डॉजर्सनी एकेक करून कमी केलं तरी सातव्या इनिंगनंतर आपण ४-२ होतो. आठवीत मॅक्स मन्सीचा होमरन, ४-३. तरी ठीक. नववीत, म्हणजे शेवटच्या इनिंगला, आपला क्लोजर (शेवटचे आउट काढायला आणतात तो पिचर) जेफ हॉफमन, पहिला आउट काढला, आता फक्त दोन आउट की कप घरात. आणि मिगेल रोहास, जो होमरन मारणारा बॅटर म्हणून कधी ओळखलाच गेला नाही, त्याने ३-२ काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) बॉल लेफ्टला स्टँडमध्ये घातला. ४-४. मी खुर्चीतून उठलो तो उभाच.

बरं तिथेही संपलं नाही. नववीच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे आपल्या बॅटिंगला, आपले तिन्ही बेस भरलेले, एकच आउट. आपल्या वार्शोने जमिनीवर मारला, त्याच रोहासने घसरता घसरता पकडून होमला, म्हणजे रन पूर्ण होतो त्या प्लेटला, फेकला आणि तिसऱ्या बेसवरून आलेला कायनर-फलेफा केसभराने आउट. रिप्ले किती वेळा दाखवला, कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून उचलल्यासारखा दिसतो आणि परत टेकतो, तेवढ्यात. नंतर अकरावीत त्याच विल स्मिथचा होमरन, ५-४, आणि खाली आपला ग्वेरेरो तिसऱ्या बेसवर असताना कर्कचा डबल प्ले, एकाच बॉलवर दोघे आउट. खलास.

दादा, म्हणजे तोच चुलतभाऊ, त्या दिवसापासून धड बोलत नाही. विषय काढला की हॉफमनवर घसरतो, त्याने कप घालवला म्हणतो. मलाही राग आहे पण कुणावर काढू कळत नाही. आधीपासून पाच रनने हरतोय असं असतं तर दोन दिवसांत विसरलो असतो, हे विसरताच येत नाही. तुम्ही काय करता अशा वेळी? आणि दादाचं बरोबर आहे का?

नॉर्थस्टँड_मडगाव

भाई, बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नाही पण तू लिहिलेलं सगळं कळलं, कारण २४ एप्रिल २०२४ ला मी फातोर्ड्याला, मडगावच्या स्टेडियमवर होतो. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) सेमीफायनल, दोन मॅचमधली पहिली लेग, आपली एफसी गोवा आणि समोर मुंबई सिटी. बोरिसने सोळाव्या मिनिटाला एक घातला, ब्रँडनने दुसऱ्या हाफमध्ये दुसरा, २-०, आणि ९० मिनिटं होईपर्यंत २-०. लोक पुढच्या लेगला मुंबईला कसं जायचं, ट्रेन की बस, हे बोलायला लागले होते, ढोल चालू. मग मुंबईचा छांगटे. मग लगेच त्यांचाच विक्रम प्रताप. २-२. आणि इंज्युरी टाइम संपता संपता परत छांगटे. २-३. म्हणजे अख्खी मॅच जिंकून शेवटच्या सहा-सात मिनिटांत हरलो. माझ्या पुढच्या रांगेतला एक काका डोक्यावरची केशरी टोपी काढून हातात चुरगाळत बसला होता, उठवला तरी उठेना.

पुढची लेग मुंबईला २-० ने गेली, मग मुंबईने कपही नेला.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं, पुढच्या वर्षी बेंगळुरूशी सेमीफायनल, पहिल्या लेगला ०-२ हरून आलेलो, फातोर्ड्याला बोर्हाने एक काढला, ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा, म्हणजे बरोबरी, सगळं स्टेडियम उभं, एक्स्ट्रा टाइम नक्की असं वाटत असतानाच सुनील छेत्रीचा हेडर ९० अधिक २ ला. चाळीस वर्षांचा माणूस रे तो.

तू विचारतोस राग कुणावर काढू. मी सांगतो, मी टीमवर काढतो आणि तो काढायचाच. २-० पुढे असताना शेवटची दहा मिनिटं सगळे आपल्या बॉक्ससमोर येऊन उभे राहतात, बॉल मिळाला की नुसता लांब मारतात, तो परत येतो, परत मारतात, परत येतो. समोरच्याला फुकट अटॅक मिळतात. त्यात पाय दमलेले, एक गोल बसला की डोकीही जातात, म्हणून दुसरा दोन मिनिटांत बसतो. हे दर वेळी तसंच होतं आणि बाहेर उभ्या कोचला ते दिसायला पाहिजे. आम्ही तिकीट काढून घसा फोडतो, तेवढं बोलायचा हक्क आहे.

पीटी_टीचर_डिचोली

मी शाळेत पीटी शिकवते, मुलींना सॉफ्टबॉल शिकवलाय म्हणून या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही 🙂

नॉर्थस्टँड बाब म्हणतात ते फुटबॉलला लागू आहे, तिथे घड्याळ असतं, चांगली टीम बॉल कोपऱ्यात नेऊन वेळ खाऊ शकते. बेसबॉलमध्ये ती सोयच नाही. नऊ इनिंग म्हणजे २७ आउट, आणि सत्ताविसावा आउटसुद्धा पहिल्यासारखाच काढावा लागतो, समोरच्याला बॉल टाकावाच लागतो, तोही मारण्यासारख्या जागेत, नाहीतर चार बॉल बाहेर गेले की तो फुकट बेसवर. त्यामुळे लीड असली तरी लपायला जागा नाही. रोहासच्या वेळी काउंट ३-२ होता म्हणजे हॉफमनला झोनमध्ये टाकणं भाग होतं, स्लायडर (वळणारा बॉल) टाकला, तो जरा मध्ये राहिला, आणि समोरचा माणूस वर्षानुवर्षं मेजर लीग खेळलेला आहे. एक बॉल. मॅच संपल्यावर हॉफमन स्वतःच म्हणाला की मी सगळ्यांची वर्ल्ड सीरिजची अंगठी घालवली. इतकं तो स्वतः बोलल्यावर तुमच्या दादाने आणखी काय बोलायचं?

आणि फोंडेकार बाब, तुम्हीच लिहिलेलं परत वाचा. नववीत बेस भरलेले, एक आउट, एक साधा फ्लाय खोल गेला असता तरी रन होता. अकरावीत ग्वेरेरोने सुरुवातच डबलने केली, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसवर, मग बंट करून, बॉल नुसता हलकेच टेकवून, त्याला तिसऱ्यावर नेला, एकच आउट, तरी आणता आला नाही. समोर डॉजर्सचा पिचर यामामोतो, जो आदल्या दिवशी सहावी मॅच सुरू करून जिंकून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन शेवटपर्यंत टाकत राहिला. मॅच हॉफमनच्या एका बॉलवर बरोबरीत आली, हरली ती न काढलेल्या रन्सवर. पण ज्याच्या हातातून बॉल गेला त्याचा चेहरा आपल्याला दिसतो, बेसवर अडकून राहिलेल्या रनरचा दिसत नाही, म्हणून लोक एकाला धरतात.

१९८६ ची बॉस्टनची गोष्ट दादाला माहीत असेलच. वर्ल्ड सीरिजमध्ये मेट्सशी सहावी मॅच, दहाव्या इनिंगला बॉस्टन ५-३ पुढे, दोन आउट झालेले, एकच हवा होता. सगळे बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून गेलेला बॉल सांगतात. पण तो बॉल जायच्या आधीच वाइल्ड पिचवर, म्हणजे पिचरने कॅचरच्या आवाक्याबाहेर टाकलेल्या बॉलवर, ५-५ झालं होतं! आणि सातवी मॅच बाकी होतीच, तिच्यातही बॉस्टन ३-० पुढे होतं आणि हरलं. बिचाऱ्या बकनरने ते कित्येक वर्षं सोसलं, २००८ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कला त्याच्या हातून पहिला बॉल टाकून घेतला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोपर्यंत बॉस्टन २००४ आणि २००७ ला जिंकून मोकळं झालं होतं म्हणून. नसतं जिंकलं तर?

फोंडेकार_जेज

टीचर, तुमचं पटलं, खरंच पटलं, पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. नववीत तिसऱ्या बेसवरचा कायनर-फलेफा बेसला चिकटून उभा होता. दोन पावलं पुढे असता तर सेफ होता आणि आपण चॅम्पियन होतो, तिथल्या तिथे. त्याने नंतर सांगितलं की बेसजवळ रहा अशीच सूचना होती, कारण जोराचा लाइन ड्राइव्ह (सरळ हवेत जाणारा फटका) पकडला गेला तर रनर अडकू नये. ती भीती कुठून आली? आदल्या रात्री सहावी मॅच तशीच संपली होती, आपला बार्जर दुसऱ्या बेसवरून पुढे गेला, डॉजर्सच्या किके हर्नांडेझने धावत येऊन कॅच घेतला आणि बेसवर फेकून डबल प्ले. म्हणजे शुक्रवारी जास्त पुढे गेलो म्हणून मेलो आणि शनिवारी मागे राहिलो म्हणून मेलो. नॉर्थस्टँड म्हणतो तेच, लीड राखायला जाताना नाहीतर चूक टाळायला जाताना टीम आखडते.

जुना_पणजीकर

पोरांनो २०१५ कसं विसरलात. २० डिसेंबर, फातोर्डा, आयएसएलची फायनल आपल्याच घरात, आपला कोच झिको, समोर चेन्नईयिन आणि त्यांचा कोच मॅटेराझी. १-१ असताना ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक आत गेली, २-१. मला आठवतं, शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली, तो रडत होता. तीन मिनिटं. तीनच मिनिटं राखायची होती, आणि ९० व्या मिनिटाला बॉल आपल्या गोलकीपर कट्टीमणीकडून आत गेला, ओन गोल. लगेच मेंडोझाने तिसरा. २-३, कप चेन्नईला.

लक्ष्मीकांत कट्टीमणी, आपल्या गोव्याचा पोरगा. त्याला लोक काय काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही, माझ्या आजूबाजूला बोलत होते, बसस्टँडपर्यंत बोलत होते. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं. घरच्या मुलाला घरच्या मैदानावर इतकं बोलू नये.

आता पुढचं ऐका. २० मार्च २०२२, परत आयएसएलची फायनल, परत फातोर्डा. कट्टीमणी हैदराबादच्या गोलमध्ये. केरळा ब्लास्टर्स १-० पुढे, ८८ वं मिनिट, आणि बदली म्हणून आलेला साहिल ताव्होरा, तोही गोंयकार, लांबून असा व्हॉली मारतो की गोलकीपर बघत राहतो. १-१. पेनल्टीवर गेली मॅच आणि कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद चॅम्पियन. ज्या मैदानात त्याच्यावर खापर फुटलं त्याच मैदानात. त्या दिवशी माझी टीम खेळत नव्हती तरी मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, सूनबाई आतून धावत आली काय झालं म्हणून.

आणि त्या रात्री केरळचे लोक आपल्या २०१५ सारखेच बसले असणार, दोन मिनिटं राखायची होती त्यांनाही. तुझ्या दादाला कट्टीमणीच्या त्या पेनल्टी पाठव. हॉफमनला पुढे काय मिळेल कुणी सांगावं, पण खेळाडूचा हिशेब एका बॉलवर बंद करू नये. आमच्या वयाच्या लोकांनी चेतन शर्माचंही पाहिलंय, १९८६ शारजा, शेवटचा बॉल, चार हवे होते, मियाँदादचा सिक्स. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक त्याचीच. पण आजही नाव काढलं की लोकांना सिक्सच आठवतो, हा अन्याय आहे.

म्हापशेकार

मी काय करतो ते सांगतो, तुझा मूळ प्रश्न तोच होता. हरल्यावर टीमचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट. हायलाइट बघायच्या नाहीत, अजिबात नाही, बघितल्या की प्रत्येक वेळी वाटतं या वेळी अडवेल. संध्याकाळी शेतात पोरं खेळतात तिथे जाऊन तासभर धावायचं. झोप लागते. राग दुसऱ्या दिवशी असतोच पण जेवण जातं. आणि बेंगळुरूशी हरल्यावर महिन्याच्या आत भुवनेश्वरला आपण जमशेदपूरला ३-० हाणून सुपर कप आणला की नाही? पुढची मॅच येतेच.

नॉर्थस्टँड_मडगाव

सुपर कप आणला, मान्य, मी नाचलो पण. तरी ती मुंबईची मॅच त्याने भरून निघाली असं कोण म्हणत असेल तर मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत पात्रांव.

फोंडेकार_जेज

सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचे विशेष. दादाला कट्टीमणीचा व्हिडिओ पाठवला, २०१५ चा ओन गोल आधी आणि मग २०२२ च्या पेनल्टी. रात्री त्याचा फोन आला, बऱ्याच दिवसांनी नीट तासभर बोललो. हॉफमनचं नाव काढलं नाही त्याने. पण बकनरच्या आधी वाइल्ड पिच झाला होता हे त्याला माहीतच नव्हतं, टीचर, त्यावर तो माझ्याशी भांडला आणि मग स्वतः शोधून बघितलं.

तिसऱ्या बेसवरच्या रनरने किती पुढे उभं राहायचं यावरून मात्र आमचं दोघांचं एकमत आहे, तो कायनर-फलेफाला दोष देत नाही, सूचना देणाऱ्यांना देतो, आणि मीही. टीचर, तुमच्या मुलींना तुम्ही काय शिकवता अशा वेळी, बेस भरलेले, एक आउट, इनफिल्डचे फिल्डर आत आलेले, तिसऱ्यावरच्या रनरने किती पुढे यायचं?

पीटी_टीचर_डिचोली

सॉफ्टबॉलमध्ये बॉल पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडताच येत नाही, म्हणून मुलींचं जरा वेगळं आहे. पण सुटला की तीन-चार पावलं जोरात, फाउल लाइनच्या बाहेरून, म्हणजे बॉल अंगाला लागला तरी आउट नाही. जमिनीवर पडताना दिसला की मागे बघायचं नाही. हवेत दिसला तर थांबून परत. बेस भरलेले असताना जमिनीवरच्या बॉलला पळावंच लागतं, तेव्हा तिथे दोन पावलांची किंमत सगळ्यात जास्त. तुमचा आणि दादाचा मुद्दा मला बरोबर वाटतो.