यात्रेतला आकाशपाळणा थांबवायचा अधिकार कोणाला? उद्या यात्रा आहे, मदत हवी

नमस्कार. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की करवीर तालुक्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. आमची उद्या आहे. माळावर आकाशपाळणा आणि ब्रेकडान्स (गरगर फिरवणारा पाळणा) लागलाय. मी शिरोली एमआयडीसीत फिटर. काल पोरीला घेऊन गेलो आणि तिला न बसवताच परत आणलं, ती रस्ताभर रडत होती.

चार डब्यांच्या दांड्यांना कॉटर पिनच्या (दांडी निसटू नये म्हणून घालायच्या पिनच्या) जागी बांधकामाची तार पिळलीय. एका पायाखालच्या लाकडी ठोकळ्यांतला एक चिरलाय आणि परवाच्या वळवानं तिथली माती भुसभुशीत झालीय. मधल्या खांबाच्या वेल्डिंगवर ताजा रंग फासलाय. आत चीर असेल तर ती रंग खरवडल्याशिवाय दिसायची नाही.

पाळणेवाल्यानं लॅमिनेट केलेला दाखला दाखवला, दुसऱ्या जिल्ह्यातला, दोन महिन्यांपूर्वीचा. अहो, पाळणा प्रत्येक गावात सुटा होतो आणि नव्यानं जोडला जातो. तिथल्या जोडणीचा दाखला इथं काय कामाचा? कमिटीतले म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली. अहमदाबादला कांकरिया तलावावरचा लंबकासारखा झुलणारा पाळणा तर कायमचा बसवलेला होता, तरी जुलै २०१९ मध्ये मोडून दोघं गेले.

आता, आज, कोणाकडे जाऊ?

प्रतिसाद: दादा, आधी तहसीलदारांकडे जा. ते कार्यकारी दंडाधिकारी असतात. पडून इजा होईल अशी रचना दुरुस्त करायचा किंवा काढायचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकारी, किंवा सरकारनं तसा अधिकार दिला असेल तर तहसीलदारही देऊ शकतात, जुन्या कायद्यात हेच कलम १३३ होतं. अर्जात ‘धोकादायक पाळणा’ एवढंच लिहू नका. तार, ठोकळा, वेल्डिंग, एकेक जागा फोटोसकट द्या, आणि पोचेचा शिक्का घ्या. दुसरी प्रत पोलीस ठाण्यात. तिथं विचारा, या जागेसाठी करमणुकीचा परवाना दिलाय का, आणि जोडणी झाल्यावर कोणत्या अभियंत्यानं पाहिलं. पाळण्यांसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे, त्याचाही उल्लेख करा. जनरेटरची वायर आणि अर्थिंग पाहिलंत का?

धागाकर्ता: अर्थिंगची पट्टी आहे, पण जमिनीत गाडलेली नाही, नुसती लोंबतेय. तेही लिहिलं. शिक्का मिळाला. संध्याकाळी हवालदार येऊन गेले, पाळणा बंद केलाय. पाळणेवाला माझ्याकडेच पिना मागायला आला. पिना देईन, पण वेल्डिंग अभियंत्यानं बघितल्याशिवाय चालू करू नको म्हटलं. ब्रेकडान्स मात्र अजून फिरतोय. त्याचा दुसरा अर्ज सकाळी देतोय. आणखी काय लिहावं, रात्रीत कोणी सांगेल का?