‘आउटस्टँडिंग’ कोण? सोसायटीच्या ग्रुपवर रविवारची सकाळ

बी-३०२, ८:०४
नमस्कार. लिफ्टशेजारच्या बोर्डावर काल यादी लागली आहे, ती कुणी लावली? वर ठळक अक्षरात ‘आउटस्टँडिंग मेंबर्स’ आणि तिसरं नाव माझ्या सासूबाईंचं. माझी मुलगी पाचवीत आहे. ती पळत वर आली, ‘आज्जी, तुझं नाव बोर्डावर आलंय, आउटस्टँडिंग!’ तिच्या वहीवर बाई हाच शब्द लिहितात. आजींनी देवापुढची साखर तिच्या हातावर ठेवली, शेजारी जाऊन सांगून आल्या. संध्याकाळी कट्ट्यावर चारजणींसमोर त्यांना दुसरा अर्थ कळला. रात्री त्या जेवल्या नाहीत.

सेक्रेटरी, ८:११
वहिनी, गैरसमज नको. हा हिशेबातला शब्द आहे. आउटस्टँडिंग म्हणजे येणे बाकी. सॉफ्टवेअरमधून यादी तशीच निघते. कुणाला कमी लेखायचा हेतू नव्हता.

सी-४०१, ८:१२
आधी घरी पत्र द्यायचं, बोर्डावर नावं लावायची नाहीत, हे मागच्या एजीएममध्ये ठरलंय.

ए-१०४, ८:१३
आउटस्टँडिंग म्हणजे वर्गाबाहेर उभा 😀😀

बी-३०२, ८:१४
भाऊ, आज नको.

ए-१०४, ८:१५
सॉरी वहिनी.

डी-२०१, ८:१६
आज पाळीचं पाणी आलं का? टाकी कुणी बघितली?

बी-१०१ सर, ८:२२
सेक्रेटरीसाहेब, शब्द बरोबर, लावलाय चुकीच्या ठिकाणी. मूळ अर्थ बाहेर आलेलं, पुढे आलेलं. भिंतीतून सज्जा येतो तसं. तिथून दोन वाटा फुटल्या. चारचौघांत उठून दिसतो तो उत्तम. आणि हिशेबात न मिटता राहते ती थकलेली रक्कम. आपल्याकडे देणं अंगावर असतं, इंग्रजीत ते उभं असतं, एवढाच फरक. आता हा शब्द कशाला चिकटवलाय ते बघायचं. रकमेला लावला तर थकबाकी. माणसाला लावला तर फक्त कौतुक. ‘आउटस्टँडिंग मेंबर’ म्हणजे इंग्रजीत उत्कृष्ट सभासद, दुसरं काही नाही. मुलीने अर्थ अगदी बरोबर लावला होता. चुकलाय तो बोर्ड.

सेक्रेटरी, ८:२५
सर, बँकेच्या पत्रातही हाच शब्द असतो की.

बी-१०१ सर, ८:२७
बँक ‘आउटस्टँडिंग बॅलन्स’ लिहिते. ‘आउटस्टँडिंग कस्टमर’ लिहिलेलं बघितलंत कधी? ज्याचं देणं थकलंय त्याला डिफॉल्टर म्हणतात. तोही शब्द बोर्डावर नको. ‘थकबाकी’ हा चार अक्षरी शब्द वॉचमनपासून आजींपर्यंत सगळ्यांना कळतो.

ए-२०३ रेल्वेकाका, ८:३१
सर बरोबर बोलले. रेल्वेत आमच्या कामाच्या वार्षिक अहवालात १० पैकी ८ किंवा जास्त गुण पडले तरच आउटस्टँडिंग. ६ पासून ८ च्या आत म्हणजे व्हेरी गुड. निवृत्तीच्या वर्षी मला ८.२ होते. तो कागद अजून कपाटात जपून ठेवलाय. हा शब्द असा बोर्डावर बघून मलाही वाईट वाटलं.

सी-४०१, ८:३२
पुन्हा सांगतो. आधी घरी पत्र. एजीएममध्ये ठरलंय.

सी-२०२, ८:३५
सर, एक शंका. टेरेसवर वॉटरप्रूफिंग करणाऱ्याने बिलात ‘आउटस्टँडिंग वर्क’ लिहिलंय. काम चांगलं झालंय म्हणतोय की राहिलंय म्हणतोय?

बी-१०१ सर, ८:३७
दोन्ही होऊ शकतं. पुढेमागे काय लिहिलंय त्यावरून ठरवायचं.

सी-४०१, ८:३८
माझ्या बेडरूमचं छत बघायला या, लगेच कळेल.

ए-००२, ८:४१
विषय निघालाच आहे तर बोलतो. आम्ही तळमजल्यावरचे. लिफ्टमधे कधी चढलो सांगा की ओ. तरी दर महिन्याला लिफ्टचे पैसे. त्या यादीतली माझी बाकी मी मुद्दाम ठेवलीय.

खजिनदार, ८:४४
काका, आदरपूर्वक सांगतो, लिफ्टचा देखभाल खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू. उपविधीत तसंच आहे. तिसऱ्यांदा सांगतोय.

ए-००२, ८:४५
तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता म्हणून तुम्हाला उपविधी आवडतात.

सेक्रेटरी, ८:४६
कृपया दोघांनीही विषयावर राहावं 🙏

डी-२०१, ८:४७
टाकी???

बी-३०२, ८:५२
आता माझं ऐका. पैसे भरले नसते तर मी एक शब्दही बोलले नसते. ४ तारखेला आजींनी स्वतः खाली जाऊन ऑफिसच्या पेटीत चेक टाकला. गुडघे दुखतात तरी हे काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. चेकबुकातल्या अर्ध्या पानाचा फोटो टाकते आहे. तारीख बघा.

खजिनदार, ९:१०
खाली जाऊन पेटी उघडली. चेक आत आहे, पाकिटावर फ्लॅट नंबर आणि ‘मेंटेनन्स’ असं पेन्सिलीने लिहिलंय. दोन रविवार मी पेटी उघडलीच नाही. चूक माझी आहे, सेक्रेटरींची नाही.

ए-२०३ रेल्वेकाका, ९:१२
म्हणजे माउलीने वेळेत भरले होते.

बी-१०१ सर, ९:१३
आणि दिलेला पण अजून न वटलेला चेक, त्यालाही हिशेबात आउटस्टँडिंग चेकच म्हणतात.

सेक्रेटरी, ९:२०
यादी काढली. नवीन सूचना अशी लावतो: ‘ज्या सदस्यांकडे देखभाल शुल्काची थकबाकी आहे, त्यांना पत्र घरी दिले जाईल. हिशेबात चूक वाटल्यास खजिनदारांना भेटावे.’ नावं नाहीत. वहिनी, आम्ही दोघं आत्ता वर येतो. आजींशी समोर बसून बोलतो.

सी-४०१, ९:२१
हेच मी ८:१२ ला म्हटलं होतं.

बी-३०२, १०:०५
दोघं येऊन गेले. खजिनदार पाया पडले. आजी आधी काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि कडक भाकरी, शेंगाचटणी, दही घेऊन आल्या. दोघं खाऊनच उठले. आजीही त्यांच्याबरोबर दोन घास जेवल्या. सर, तुम्ही लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘उत्कृष्ट सभासद’ दोनदा वाचायला लावलं.

एक विनंती. बोर्डावरून काढलेला कागद टाकू नका. मुलीला वरचा शब्द आणि आजीचं नाव कापून वहीत चिकटवायचंय.

सेक्रेटरी, १०:०७
ठेवलाय. संध्याकाळी आणून देतो.

ए-००२, १०:०९
माझ्या लिफ्टच्या पैशांचं काय ठरलं मग?

डी-२०१, १०:१०
टाकी मीच बघून आलो. अर्धी भरलीय. सगळ्यांनी जपून वापरा.