बायको मलाच विचारते, "आमचे हे कधी येणार?" काय सांगू?

हिशेबी :
माझं वय ७१, पत्नीचं ६८. तिला अल्झायमर असल्याचं निदान होऊन चार वर्षं झाली. घरात दोघंच, मुलगा दुसऱ्या गावी.

संध्याकाळी सहा वाजले की ती दाराशी जाऊन उभी राहते. "अहो, आमचे हे कधी येणार?" मी म्हणतो, "अगं, मीच तो." ती दोन पावलं मागे सरकते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "काहीतरीच काय बोलताय! यांचे केस काळे आहेत." मी लग्नाचा फोटो दाखवला, मागची तारीख वाचून दाखवली. ती रडायला लागली, मग माझाही आवाज चढला.

मी आयुष्यभर हिशेब तपासले. चुकीचा आकडा दिसला की लाल पेन हातात आलंच. ती मंगळवारला गुरुवार म्हणाली तरी मला गप्प बसवत नाही.

त्याहून वाईट म्हणजे परवाची आंघोळ. ती आत यायला तयार नव्हती, मी मनगट धरून ओढलं. लागलं नाही, पण तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून मी खोलीत गेलो की ती पाकीट उशीखाली सरकवते.

४३ वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नाही. (एकदाच, स्कूटरच्या किमतीबद्दल.) आता रोज "येतीलच एवढ्यात" म्हणत बसायचं का?

उशीखालची चावी :
काका, खोटं बोलायची गरजच नाही. 'कधी येणार' याचं उत्तर राहू द्या. "वाट बघतेस का त्यांची? कसे आहेत ते?" एवढं विचारा आणि ऐकत बसा. माझ्या सासूबाई "आईकडे जायचंय" म्हणायच्या. आई जाऊन तीस वर्षं झालेली. पहिल्या दिवशी मी ते सांगून मोकळी झाले, आणि त्यांची आई त्या दिवशी नव्याने गेली. पुन्हा नाही सांगितलं.

पाकिटाचं मनाला लावून घेऊ नका, मीही चोर ठरले होते. वस्तू आपणच ठेवली हे त्यांना आठवत नाही, आणि घरात सतत दिसतो तो आपणच. "मी नाही घेतलं" म्हणण्यापेक्षा "चल, दोघं शोधू" म्हणा, आणि सापडेल ते त्यांच्याच हाताला लागू द्या. एकसारखी दोन पाकिटं आणून ठेवली की निम्मा ताप जातो.

आंघोळ रोज घातलीच पाहिजे असं कुठंय? डोक्यावरून एकदम पाणी तर नकोच. खांद्यावर मोठा टॉवेल राहू द्या, पायांपासून सुरुवात करा, पाणी आधी त्यांच्या हातावर घालून "गरम आहे का?" विचारा. हात द्यायचा तर तळवा पुढे करून, त्यांनी धरावा असा. मनगट पकडलं तर कुणीही झटकेल. नको म्हणाल्या तर वीस मिनिटांनी परत विचारा.

रात्रपाळी :
मी नर्स आहे. फोटोने पटणार नाही, कारण नवीन आठवण साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजाराच्या तावडीत सुरुवातीलाच सापडतो. भावना मात्र मागे रेंगाळते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्रफितीतलं त्यांना फारसं आठवत नव्हतं, मन मात्र तसंच जड किंवा हलकं होतं. काकूंचंही तेच असू शकेल. प्रसंग पुसला गेला, भीती उरली. तशीच मायाही उरते.

पण ही भीती दोन-चार दिवसांत अचानक वाढली असेल तर सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठलं तरी दुखणं किंवा नवीन औषध, यांनी गोंधळ रातोरात वाढतो. त्याला डिलिरियम म्हणतात. डॉक्टरांकडे लगेच न्या. अंधारून यायच्या आधी दिवे लावा, सावल्यांनी घाबरतात.

आणि तुमचं काय? काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायची झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली असते. ती मागून घ्या. हिशेबाच्या माणसाला बेरीज करायला आवडेल.

उरलेला :
वरचं सगळं बरोबर आहे. फक्त रात्री तीनला, आठव्यांदा उठल्यावर, यातलं काही सुचत नाही हेही कुणीतरी लिहायला हवं. मी ओरडलोय. पुन्हा हात पुढे जातोय असं वाटलं तर त्यांना नीट बसवून खोलीबाहेर या. आणि मुलाला फोनवर "सगळं ठीक" सांगणं आजच थांबवा. "मदत कर" म्हणू नका, "महिन्यातले दोन शनिवार-रविवार तू ये" म्हणा. जमलं तर आंघोळीला एखादी बाई ठेवा. मी ते फार उशिरा केलं. तोवर मी नुसता ओढणारा माणूस होऊन बसलो होतो.

बायको शेजारी बसलेली असताना मला तिची आठवण यायची. वेड लागलं की काय वाटायचं. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी याला नाव दिलंय, 'अस्पष्ट वियोग' म्हणता येईल. माणूस समोर आहे आणि नाहीही. नाव कळल्यावर दुःख कमी झालं नाही, पण वेडाची शंका गेली.

हिशेबी :
आठवड्याने लिहितोय. लघवीत संसर्ग निघाला, औषध चालू आहे. मुलाला सगळं सांगितलं, मनगटाचंही. तो शनिवारी येतोय. प्रश्नावलीची बेरीज इथे सांगत नाही.

काल सहाला ती दाराशी आली. मी विचारलं, "कसे आहेत तुमचे हे?" बराच वेळ विचार करून म्हणाली, "चांगले आहेत. पण फार चुका काढतात."

मला हसू आवरेना. तीही हसली, इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही सांगू नका हं त्यांना."