पाया खोदताना... (अनुभव लिहा)

गोदाकाठची:
शेजारच्या प्लॉटवर सकाळीच चुन्याची आखणी झाली, जेसीबी आला आणि काळ्या मातीचा तो ओला वास. परभणीचं आमचं घर बांधायला काढलं तेव्हा मी आठवीत. मिस्त्री म्हणाला, फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) चार फूट बास. दादा खड्ड्यात उतरले, पहार आपटली. भद्द! आणखी दोन फूट, तरी भद्द. साडेसात फुटांवर खण्णकन वाजली तेव्हा म्हणाले, हा मुरूम, घट्ट थर, आता टाक पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट). जास्तीच्या साडेतीन फुटांत आईच्या पाटल्या गेल्या, ती अजून ऐकवते. तुमचं काय?

माळवद:
चुलत्यांनी चार फुटांवरच थांबवलं. माती पाणी पिऊन फुगती, उन्हाळ्यात आकसती. भिंतीतली भेग वैशाखात बोटभर, श्रावणात गायब. पण श्रावणात दार लागत नाही. पाहुणे यायचे म्हटलं की भेगेवर कॅलेंडर.

उंबरठा:
कॅलेंडर 😂 आमच्याकडं दोन हायेत.

औशाची लेक:
३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. विसर्जन बघून उशिरा झोपलेलो, पहाटे चारच्या आत सगळं खाली. आजोबांच्या दगड-मातीच्या भिंती अडीच फूट रुंद, त्याचाच अभिमान होता. नवीन घराला फुटिंग, कॉलम, प्लिंथ बीमनं (जोत्याच्या पट्ट्यानं) सगळं एकमेकांत बांधून घेतलं. तरी आज्जी मरेपर्यंत अंगणात पत्र्याखालीच झोपली.

उंबरठा:
बाई गं. माझं हसणं वरच राहिलं, माफ कर.

जालन्याचा जावई:
तीन खड्ड्यांत मुरूम, चौथ्यात बुजवलेला आड! भरावावर फुटिंग नको म्हणून इंजिनिअरनं कॉलमच सरकवला. त्यात देवघर जिन्याखाली गेलं. सासूबाई आठ वर्षं झाली, बोलायलेत. आणि हो, सळयांच्या जाळीखाली दोन इंची कव्हर ब्लॉक (जाळी जमिनीपासून उचलून धरणारे ठोकळे) ठेवा. आमचा गवंडी फरशीचे तुकडे सरकवायला लागला होता, मी ऊन-ऊन म्हणून सावलीत बसलो असतो तर

माळवद:
तर काय??

जालन्याचा जावई:
सॉरी, दूध उतू गेलं. तर तसंच ओतलं असतं.

उंबरठा:
वाळू काय भावानं मिळायली सध्या? की क्रश सँडच (दगड दळून केलेली) घ्यावी?

माळवद:
वेगळा धागा काढ बाबा. गोदाकाठ, दादांची पहार आहे का अजून?

गोदाकाठची:
आहे की. तुळशीमागं असती. आत्ताच शेजारचे मागून घेऊन गेले, त्यांचा मिस्त्री पाच फूट बास म्हणतोय.