प्रति: पत्त्याचा पुरावाच नाही, तर मतदार यादीत नाव कसं लागणार?

भाडेकरार नाही, वीजबिल मालकाच्या नावावर, मग मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरून उपयोग काय, असं वर विचारलंय. मनस्ताप खराच आहे, पण उपयोग नाही हे पटत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बेघर माणसालाही पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्ममध्ये दिलेल्या जागी बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का, हे पाहायचं असतं.

आमच्या भागात पुलाखाली राहणाऱ्या एका आजींचा फॉर्म घेऊन गेले, तर खिडकीवरच्या माणसाने पत्त्याच्या रकान्यावर पेन टेकवलं, "पूल हा काय पत्ता झाला?" म्हणाला आणि फॉर्म परत सरकवला. सूचनांची छापील प्रत पुढे ठेवली तेव्हा कुठे तो घेतला. पहाटेपासून कचरा वेचणाऱ्या आजींनी ही प्रत कुठून आणायची? फार संताप येतो याचा. तोंडी नकारावर कुणी परत फिरू नका, पोच मागा. अर्ज फेटाळला तर लेखी आदेश घ्या, त्यावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.